केशरी जर्दाळू

गंधार,
रेवतीला धाप लागलीय. पंपाने पुरती थांबली नाही, म्हणून टॅला भागातल्या हॉस्पिटलात नेतेय. तू फोन इथेच टाकून पळायला गेलास.

सकाळी तू तिला जर्दाळू दिलेस. रंग टिकावा म्हणून त्यांना सल्फाइट लावतात आणि तिच्या दम्याला ते चालत नाही, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं होतं. पाकिटामागे ठळक छापलंय. उलटून बघायला काय झालं होतं? वर मलाच ऐकवतोस, "तुला सगळ्यात विषच दिसतं. काही होत नाही तिला, शी इज ग्रँड!"

किचनच्या प्रेसमधलं, वरच्या फळीवरचं ते पाकीट फेक आणि थेट तिकडे ये.

इतकी धाप लागलेली असताना पोरगी म्हणतेय, "आई, बाबाला ओरडू नको." तिच्यासमोर नाही ओरडणार.

निहारिका