तुमचा पेशंट कुठं हाय?

रविवार, संध्याकाळ. मिरज

हे गेल्यापासून मला प्रार्थना जमत नाही. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, नका करू, दवाखान्यात पेशंटना मदत करा. म्हणून आज उपासनेनंतर मंडळाच्या बायकांबरोबर गेले. आटपाडीच्या एका म्हातारीची वेणी घातली. मेंढरांमागं फिरताना पडून तिचा हात मोडलाय. केस इतके गुंतले होते की अर्धा तास गेला.

मधेच तिनं विचारलं, "बाई, तुमचा पेशंट कुठल्या वॉर्डात हाय?"

नवरा गेला हे मी स्वतः कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. सगळ्यांना आधीच ठाऊक होतं.

"माझा पेशंट गेला, आजी. ह्याच दवाखान्यात."

ती खाटेवर जरा सरकली. "बस हितं. लय येळ उभी हायस."

बसले आणि रडले. चार महिन्यांत पहिल्यांदा. तिनं धड असलेला हात माझ्या पाठीवर ठेवला.

ते गुंतलेले केस अजून बोटांना जाणवतायत. घरात कुणी नाही, एकटीपुरता भात टाकलाय. मघाशी तांदूळ धुताना नकळत म्हणाले, "प्रभू, त्या आजीला आज झोप लागू दे."

स्वतःसाठी मला अजून काही मागवत नाही.