गुलाबी दिवा खरा आहे

मी, सावित्री लवू मयेकर, वय ७४, निवृत्त शिक्षिका, राहणार मालवण, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि डोके पूर्ण ताळ्यावर असताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, पण सही गुडघ्यांनी करायची नसते.

१. घर व माडांची बाग मुलगा ओमकार याला. माडांना पाणी मिळते की नाही, हे त्याने फोनवर न विचारता येऊन पाहावे.

२. व्हिक्टोरियन काळातले रंगीत काचेचे माझे एकवीस रॉकेलचे दिवे मुलगी प्राजक्ता हिला. सोबत वही आहे: दिवा कोणाच्या माळ्यावर मिळाला, काच फुंकलेली की साच्यातली, आणि ते कशावरून ठरवले. काच राखेने घासू नये. शेजारच्या दीपेशला एकही देऊ नये. त्याने माझ्या निळ्या दिव्यात मनीप्लांट लावला होता.

३. बाविसावा दिवा, खाली पिवळा आणि वर गुलाबी होत जाणारा, आधीपासूनच प्राजक्ताचा आहे. माझी धाकटी बहीण आनंदी हिने तो धामापूरच्या आपल्या सासरहून आणून प्राजक्ताच्या लग्नात आहेर केला. मी भर मांडवात चष्मा लावला, वातीच्या चावीवरचा नवा छाप पाहिला आणि "नकली" म्हणाले. प्राजक्ताचे सासरे हसले. आनंदी तिथून उठली, ती नऊ वर्षे या घरात आली नाही.

दिवा प्राजक्ता इथेच ठेवून गेली होती. गेल्या महिन्यात तो पुसताना कळले, नवा आहे तो फक्त चावीसकट पितळी बर्नर, कोणीतरी बदललेला. काच फुंकलेली आहे, बुडाशी नळी तोडल्याची खूण आहे, जांभळ्या विजेरीखाली जुन्या युरेनियमच्या काचेसारखी हिरवी चमकते. दिवा अस्सल आहे. बर्नरवरून काच ठरवू नये, हे मीच लोकांना शिकवत आले. मला फार लाज वाटते. माझ्या बाराव्याला, त्याच मंडळींसमोर, ओमकारने हे कलम मोठ्याने वाचावे.

सहीपूर्वीची दुरुस्ती: आनंदीला या मृत्युपत्राने काही मिळत नाही, म्हणून तिला साक्षीला बोलावले. ती आली. कलम ३ वाचून म्हणाली, "गो बाय, तू मेल्यावर वाचतले? मगे मी भांडू कोणाशी? आताच फोन लाव."

मी प्राजक्ताच्या सासऱ्यांना फोन लावला आणि आनंदीदेखत सगळे सांगितले. ते म्हणाले, "काय म्हणतास, विहीणबाई? माका तर ह्या आठवतच नाय."

आम्ही दोघी रडलो. कलम ३ मधील शेवटचे वाक्य रद्द समजावे. आनंदी आज इथेच राहणार आहे.

सही: सावित्री लवू मयेकर

साक्षीदार:
१. डॉ. अनुजा पेडणेकर, मालवण
२. आनंदी सदानंद सामंत, धामापूर

मालवण, ९ फेब्रुवारी २०२५