टायरमधलं हिरवं औषध

४ एप्रिल, शनिवार
पुन्हा पंक्चर. मागचं चाक. गाडी ढकलत पंक्चरवाल्यापर्यंत. तो हल्ली मला काही विचारत नाही, लांबून बघितलं की पाण्याचं घमेलं पुढे ओढतो.

ऑफिसला उशीर. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मी खिशातून खिळा काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. पुरावा. साहेब म्हणाले, मागचेही इथेच ड्रॉवरमध्ये आहेत, सगळे घेऊन जा.

खरं दुखणं लिहून ठेवतो, इथे कोण वाचतंय. अठरा तारखेला लेकीची पशुवैद्यक कॉलेजची मुलाखत आहे, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मागच्या वर्षी परीक्षेला मी तिला सोडायला गेलो आणि ती अर्धा तास उशिरा पोचली. खिळ्यामुळे. माझा काही संबंध नाही. तेव्हापासून पोरगी बसने जाते. मी किल्ली हातात घेतली की तिला नेमकं दुसरं काम आठवतं.
या वेळी सोडणार तर मीच.
ठराव: पंक्चर हा विषय आयुष्यातून बाद.

५ एप्रिल, रविवार. सकाळ
सीलंटची बाटली आणली. हिरवं, घट्ट, शेवाळासारखं. टायरमध्ये ओतायचं, खिळा घुसला की भोक आतल्या आत बुजतं. दुकानदार म्हणाला, एकदा टाका आणि विसरून जा. इतक्या आपुलकीने माझ्याशी बऱ्याच दिवसांत कोणी बोललं नव्हतं. दोन बाटल्या घेतल्या.

दुपार
ओतलं. दोन्ही चाकांत. बाटलीबरोबरची नळी कुठे गेली कळेना. सूचनांचा कागद मात्र छान जाड होता, त्याचीच नळी केली. ही म्हणाली, अहो, आधी वाचा तरी. वाचायला गेलो तेव्हा सगळं हिरवं झालेलं.
हिने बाटलीवरचं वाचून दाखवलं: भरल्यावर लगेच गाडी थोडी चालवा, म्हणजे ते आत सगळीकडे पसरतं, नाहीतर एका जागी साचतं. या कंपन्यांना कसलीच सबुरी नाही. कुठलंही औषध आधी मुरू द्यावं लागतं. गाडीवर कव्हर घातलं आणि झोपलो.

७ एप्रिल, मंगळवार
दोन दिवस मुरवून आज बाहेर काढली. हँडल थोडं थरथरतं. औषध कामाला लागल्याची खूण. ऑफिसातला कॅशियर मागे बसला होता, उतरल्यावर म्हणाला, दात हलले. त्याचे आधीपासूनच हलतात.

९ एप्रिल, गुरुवार
अजून एकही पंक्चर नाही. जिवाला चैन नाही. औषध लागू पडलं की नाही हे खिळा घुसल्याशिवाय कळणार कसं? आणि कळल्याशिवाय पोरीला सांगणार काय?
मीटिंगमध्ये बसवेना. दोनदा खाली जाऊन टायर बघून आलो. येताना मुद्दाम नव्या बिल्डिंगच्या कामावरून गाडी घातली. जाऊन, वळून, पुन्हा. तिथल्या वॉचमनने विचारलं, काय हरवलंय का. म्हटलं, खिळा. त्याने फाटक लावून घेतलं.

१२ एप्रिल, रविवार
घुसला. मागच्या चाकात, टोपीपर्यंत. आणि हवा जागच्या जागी!
सगळ्यांना खाली बोलावलं. वरच्या मजल्यावरचे सल्लागार (यांना कोणी विचारत नाही, म्हणून हे नाव) चप्पल घालून आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, उपटून टाका आणि रीतसर पंक्चर काढून घ्या. मत्सर, दुसरं काय. खिळा मी काढणार नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकला. मेहुण्याने विचारलं, गाडी विकायचीय का.

शेवटी लेक आली. गुडघ्यावर बसून खिळा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "ठीक आहे बाबा. अठराला तुमच्याबरोबर येते. नऊला पोचायचंय, हं."
मी खिळ्याची टोपी रुमालाने पुसून चकचकीत केली.

१४ एप्रिल, मंगळवार
मागच्या चाकात हवा किंचित कमी वाटते. पेट्रोल पंपावर गेलो. हवा भरणाऱ्याने पाइप लावला, काढला, पुन्हा लावला. हवा आत जाईना. त्याच्या अंगठ्याला हिरवं लागलं. हे काय भरलंय, म्हणाला, आणि अंगठा माझ्याच सीटला पुसला. मशीन बिघडलेलं त्याचं. हवा काय, पुरेल अठरापर्यंत.

१६ एप्रिल, गुरुवार
कॉलेजपर्यंत जाऊन रस्ता बघून आलो. सिग्नल, वळणं, गेट, सगळं पाठ. मागचा भाग जरा बसल्यासारखा वाटतो. माझं वजन वाढलं असेल. पुढच्या महिन्यापासून चालायला जाणार.
ही जेवताना सहज म्हणाली, रिक्षा सांगून ठेवायची का, असू दे हाताशी. मी ताटावरून उठलो. अर्ध्या तासाने परत येऊन बसलो, कारण भूक होती. या घरात माझ्यावर विश्वास आहे तो फक्त एका माणसाचा, आणि तिला अजून मतदानाचा हक्कही नाही.

१८ एप्रिल, शनिवार. सकाळी सात
टायर बसला आहे. पार रिमवर.
आधी नोंद करून ठेवतो: पंक्चर झालेलं नाही. खिळा जागेवर, खिळ्याशी थेंबभरही गळती नाही. औषध शंभर टक्के यशस्वी. फक्त हवा नाही.

साडेसात
पायपंपाने भरून बघितली. जात नाही. आधी औषधामुळे व्हॉल्व्ह नीट मिटेना म्हणून हवा झिरपून गेली, आणि आता तेच आत बसून घट्ट झालंय, बूच मारल्यासारखं. म्हणजे भोक बुजवतं हे खरंच आहे. फक्त कुठलं भोक, हे त्याला कळत नाही.
हिची सेफ्टी पिन घेऊन व्हॉल्व्हमध्ये घातली. पिचकारी उडाली. शर्ट, चष्मा, थोडं कानात.
माझी घालमेल चाललीय आणि लेक पायरीवर बसून केळं खातेय. घाई नाही, ओरडणं नाही. धीर माझ्याकडून आलाय तिला.

संध्याकाळ
रिक्षानेच गेलो. हिने सांगूनच ठेवली होती. रस्ताभर ड्रायव्हरच्या मानेजवळ तोंड नेऊन त्याला वळणं सांगत होतो. गेटवर पोचलो तेव्हा नऊ वाजून गेलेले. मी धावत पुढे गेलो आणि गेटवाल्याला सगळं पहिल्यापासून समजावायला घेतलं: सीलंट, खिळा, व्हॉल्व्ह. म्हटलं, चूक माझी समजा, पण पोरीला आत सोडा. हे नुसतं बोलण्यापुरतं.
त्याने यादी बघितली आणि म्हणाला, यांचा नंबर साडेअकराला आहे, इतक्या लवकर आत बसायला जागा नाही.

मी लेकीकडे बघितलं. ती माझ्या कानातलं हिरवं रुमालाने पुसत होती.
"तुम्हाला नऊ सांगितलं होतं, बाबा. वेळ साडेअकराचीच होती."
म्हटलं, मग आईबरोबर रिक्षाने आरामात यायचं होतंस. एवढं सगळं कशाला?
"तुमच्याबरोबर यायचं होतं."

भिंतीशी बाकावर बसून राहिलो. चष्मा दोनदा पुसला. त्यावर औषध राहिलं असावं. मी तिला गाईच्या पचनावर प्रश्न विचारले. तिने उत्तरं दिली. ती बरोबर होती की नाही मला कळलं नाही, पण मी मान हलवत होतो. तिचं नाव पुकारल्यावर ती आत गेली, एकदाही मागे न बघता.

घरी आल्यावर गाडी ढकलत पंक्चरवाल्याकडे. त्याने टायर उघडला आणि आतलं सगळं घमेल्यात ओतलं. नवा व्हॉल्व्ह, साधी हवा. खिळा मी मागून घेतला.

पोरीने रात्री जेवताना सांगितलं की निकाल पुढच्या शुक्रवारी लागणार, यादी कॉलेजातच लावतात, आणि बघायला ती माझ्याबरोबरच येणार. सकाळी दहाला पोचायचंय म्हणाली.
म्हणजे नक्की किती वाजता, ते हळूच हिला विचारून ठेवलं पाहिजे.