उंबऱ्याबाहेरचं गोणपाट

आई, तुझ्या अडचणीच्या दिवसांचा हिशेब मी ठेवत होते. स्वयंपाकघराच्या दारामागे कॅलेंडर होतं, त्यावर लाल पेन्सिलीने फुली मारायची. पाचव्या दिवशी तू डोक्यावरून न्हालीस की फुल्या बंद. ते काम तूच मला लावलं होतंस, कारण त्या दिवसांत देवाचं आणि शेगडीचं सगळं माझ्याकडे यायचं. मॅट्रिकनंतर पुढे शिकले नाही, पण लिहून ठेवायची सवय तेव्हा लागली ती आजवर सुटलेली नाही. दूध, गॅसची टाकी, उपास, औषधं, सगळं वहीत असतं. तुला जाऊन तीस वर्षं होत आली. ज्या वयात तू गेलीस ते वय मी मागे टाकलं, आता मी तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे.

भाईंदर पश्चिमेच्या त्या दोन खोल्या आता नाहीत, तिथे बिल्डिंग झाली. पण बाहेरच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लागून टाकलेलं तुझं गोणपाट मला अजून दिसतं. खरं म्हणजे ते गुंडाळून माळ्यावर गेलं होतं. तुझी पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती, कॅलेंडर कोरं होतं. आषाढात एक दिवस तू ते परत खाली काढलंस. मी म्हटलं, "परत? या वयात?" तू हसलीस. "जाता जाता त्रास देतेच गं. सगळ्यांना देते." आधी सहा दिवस झाले, मग नऊ. गौरी आल्या तेव्हा अकरा.

गौरीजेवणाचा तो दिवस मी कितीदा तरी पुन्हा बघते. तू उंबऱ्याशी बसली आहेस. मी गॅलरीत पाणी भरतेय, कारण नळ कधी जाईल नेम नाही. खिरीचं दूध शेगडीवर आहे. "अगं दूध! दूध वर आलं!" तू ओरडतेस. मी हंडा टाकून धावते, तोवर दूध ओट्यावरून खाली आलेलं, शेगडी विझलेली, खोलीभर गॅसचा वास. तू शेगडीपासून चार हातांवर आहेस. हातपाय धड, डोळे दुधावर, आणि बसून. मी करवादते, "नुसती बघत बसलीस?" तू म्हणतेस, "मग आत कशी येऊ?" त्यात दोघींनाही काही वावगं वाटलं नाही. मी खिडकी उघडली, ओटा पुसला, आणि दिवसभर तुझ्याशी तोंड वाकडं करून बोलले. एकविसाव्या वर्षी सगळा नैवेद्य एकटीने करायचा, म्हणून मला तुझाच राग आला होता.

दिवाळीनंतर फुल्या थांबल्या. गोणपाट माळ्यावर गेलं, तू परत शेगडीशी आलीस, मला सुटल्यासारखं वाटलं. फाल्गुनात गच्चीवर टाकीच्या मागे मला तुझी फडकी वाळत घातलेली सापडली. धुऊनही डाग गेले नव्हते. एवढे महिने तू लपवत होतीस आणि त्याच हातांनी देवाला नैवेद्य दाखवत होतीस. खाली येऊन मी तुला काय म्हटलं ते तुझ्या लक्षात असेल. "देवाला फसवलंस तू." तू आधी दार लावलंस, मग म्हणालीस, "हळू बोल. तुझ्याच्याने एकटीने होत नव्हतं ना." तुझं तोंड पांढरंफटक होतं. ते मला दिसलं होतं आई, पण मी फडक्यांवरच अडकले. डॉक्टरकडे गेलो तेव्हा गर्भाशयातली गाठ पोटभर पसरली होती. शेवटच्या आठवड्यात तू छताकडे बघत म्हणालीस, "पाळलं नाही ना मी. म्हणून झालं." मी तुझे पाय दाबत होते. नाही म्हणाले नाही. मलाही तसंच वाटत होतं. पुढे वर्षानुवर्षं मी तुझ्या वाटणीचे सोमवार धरले, माफी मागितली, ती तुझ्यासाठी.

गेल्या वर्षी मला सुरू झालं. पाळी जाऊन वर्ष उलटलं होतं. मी आठ दिवस बाजूला बसले, नवव्या दिवशी लेकीने रिक्षात घालून काशीमीऱ्याच्या पुढच्या हॉस्पिटलात नेलं. मलाही तीच गाठ निघाली, गर्भाशय काढलं. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय मनात आलं सांगू? आता बारा महिने देवाजवळ जाता येईल. मग त्यांनी काढलेला तुकडा तपासला, रक्त तपासलं, आणि रिपोर्ट घ्यायला मी एकटीच गेले. तिथली एक मुलगी, माझ्या लेकीहून चार वर्षांनी मोठी असेल, कागदावर गोल काढून मला समजावत होती. पेशीच्या आत आणखी एक खोली असते, केंद्रक. शरीर कसं चालवायचं ते सगळं तिथे लिहिलेलं असतं. पेशीची दुसरी पेशी होताना त्याची नक्कल होते, आणि नक्कल म्हटली की चुका. त्या शोधून दुरुस्त करायला प्रथिनं असतात. ती तयार होतात त्या खोलीच्या बाहेर, मग त्यांना आत जावं लागतं. कुठे जायचं याची खूण त्यांच्या अंगावरच असते, ती बघून नेणारे त्यांना दारातून आत नेतात.

"तुमच्यात त्यातल्या एका प्रथिनाची घडण जन्मापासून थोडी वेगळी आहे, काकू. त्याला आत नेलंच जात नाही. आईवडिलांपैकी दुसऱ्याकडून आलेली चांगली प्रत असते, तिच्यावर बरीच वर्षं भागतं. एखाद्या पेशीत तीही बिघडली, की चुका साचत जातात. मग ती पेशी वाढायची थांबत नाही."

मी विचारलं, "म्हणजे ते प्रथिन तयारच होत नाही का?"

"होतं ना. काहींच्यात होत नाही, तुमच्यात होतं. पण बाहेरच राहतं."

"आणि आत चुका होत राहतात."

"हो. तुम्हाला बरोबर समजलं."

मला कसं समजलं ते मी तिला सांगितलं नाही. तिने विचारलं, आईला किती दिवस अंगावरून जात होतं? मी म्हटलं, दोनेक महिने. ते कॅलेंडर माझ्या ट्रंकेत आहे, आणि फडक्यांचे महिनेही मी नंतर त्यावर पेन्सिलीने भरले आहेत. नऊ महिने होतात. ती म्हणाली, हे तुमच्याकडे आईकडूनच आलेलं दिसतंय, यात आईची काही चूक नाही, कुणाचीच नाही. मी मान हलवली. जे तुला त्या आठवड्यात सांगायला हवं होतं, ते मला तीस वर्षांनी एक अनोळखी पोरगी सांगत होती.

तिने आणखी एक सांगितलं होतं. मुलीत हे असण्याची शक्यता अर्धी. असलं म्हणजे रोग झालाच असं नाही, पण तपासण्या वेळेवर केल्या तर लवकर सापडतं. "तिला घेऊन या काकू, उशीर करू नका." लेक चोवीस वर्षांची आहे. वैशाखात लग्न आहे. मी रिपोर्ट देव्हाऱ्यातल्या वस्त्राखाली ठेवला. लेकीने विचारलं, "रिपोर्ट काय आला?" मी म्हटलं, "चांगला आहे." लग्न होऊ दे, मग सांगू, असं मी देवाला रोज सांगत होते. तिकडच्यांना कळलं तर मोडतील. बारा दिवस गेले. तुझ्यासारखंच मी घरात वावरत होते, लपवून, नैवेद्य दाखवत.

आज ती घरूनच काम करतेय. दुसरा दिवस आहे तिचा. मी शिकवलं म्हणून पाळते, पण टोमणे मारत पाळते. दुपारी बाहेरच्या खोलीतून ओरडली, "मातोश्री, पाणी मिळेल का? आम्हाला तुमच्या हद्दीत बंदी आहे ना!" मी पाणी भरलं. उंबऱ्यापर्यंत गेले. पोट दाबून बसली होती ती, लॅपटॉप मांडीवर, आणि तोंड पांढरं. दुसऱ्या दिवशी तिचं असतंच तसं. पण मी पेला पुढे केला नाही.

"आत ये," म्हटलं.

"अगं, दुसरा दिवस आहे माझा."

"माहीत आहे. ये."

"बरी आहेस ना तू?" ती उठली, पण पाय उंबऱ्यावरच.

"देवाच्या वस्त्राखाली एक कागद आहे. तो काढ."

"मी काढू? आज?"

"तूच काढ."

ती आत आली आणि तिने देव्हाऱ्यात हात घातला. बाळकृष्ण कलंडला, तो तिने नीट उभा केला. ओट्याला टेकून दोन्ही पानं वाचली. मग म्हणाली, "बारा दिवस, आई?" एवढंच. कागदावरचा नंबर तिने तिथेच उभं राहून लावला. सोमवारची वेळ मिळाली. लग्नाचं काय, त्यावर ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. फोन ठेवला, आणि आपण होऊन बाहेर जाऊन बसली.

हे सगळं तुला लिहिलं, कुठे पाठवणार? ट्रंकेत कॅलेंडरच्या घडीत ठेवीन. फक्त एक सांगायचं राहिलं. ती बाहेर गेल्यावर मी देव ताम्हनात घेतले आणि परत धुतले. सगळं कळत होतं आई, तरी धुतले. ती बाहेरून बघत होती.