‘कै.’ लावलेली पुस्तकं

ता. ९ मार्च

चि. खारूताईस, आत्याचे अ. आ.

परवा फोनवर मी एवढंच सांगितलं, की तुझा बाप जिवंत आहे आणि माझ्या घरी आला आहे. तू फोन ठेवून दिलास. तुला दोष देत नाही, माझीही पाचावर धारण बसली होती. आता सगळं नीट लिहिते.

त्या दुपारी भांडी पुसत होते, तर पोटमाळ्यावर धप्पकन आवाज झाला. मांजर असेल म्हटलं. मग पावलं वाजली. लाटणं घेऊन जिना चढले, तर छपराच्या खिडकीतून एक हाडकुळा माणूस आत उतरत होता. शेजारी रंगकाम चाललंय, त्या रंगाऱ्याची शिडी लावून वर आला होता. म्हणाला, ताई, घाबरू नकोस, मीच आहे. ज्याच्यासाठी दोन वर्षं रडलो तो असा छपरातून बोलायला लागल्यावर माणसाने काय करावं? मी लाटणं खाली ठेवलं.

झालं ते असं. बोटीवर शेजारचा एक प्रवासी थंडीने काकडत होता, त्याला याने आपला कोट दिला. खिशात सगळे कागद. बोट बुडाली. त्या बिचाऱ्याचं प्रेत तुझ्या गावाच्या किनाऱ्याला लागलं, आणि याला एका मालवाहू जहाजाने उचलून कुठल्या कुठे परक्या बंदरात उतरवलं. कागद नाहीत म्हणून कोठडीत टाकलं. याने नाव सांगितलं, त्यांनी इकडे विचारलं, तर इथून उत्तर गेलं की या नावाचा माणूस मेला आणि पुरलासुद्धा. म्हणजे हा तोतया! शेवटी कोणी नवा अधिकारी आला, त्याने बोटांचे ठसे जुळवून घेतले, तेव्हा सुटका झाली.

तू कोट आणि कागद बघून ओळख पटवलीस, त्यात तुझं काही चुकलं नाही. चेहरा ओळखू येण्यासारखा राहिलाच नव्हता.

पण तो पुढच्या दाराने ना आत येतो, ना बाहेर जातो. या वयात शिडीवरून चढउतार करतो. रंगारी वैतागलाय. माळ्यावर बसून राहतो, आणि पावलं वाजली की मी अजून लाटण्याकडे हात नेते. तू ये गं. लोकांचे डोळे तपासायचं काम चार दिवस राहू दे.

तुझी, घाबरलेली पण आनंदात असलेली
आत्या

ता. १७ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

मी येणार नाही. रागावू नकोस, ऐकून घे.

माझं रडून झालंय. खूप दिवस ते संपतच नव्हतं. दुकानात लोकांना अक्षरं वाचायला लावायची आणि मागे उभं राहून डोळे पुसायचे, असं चाललं होतं. मग एकदाचं संपलं. आता तू सांगतेस की ते सगळं चुकीच्या माणसासाठी होतं. मी आनंद कुठून आणू? मला नुसती भीती वाटते.

मी दर रविवारी थडग्याच्या त्या दगडापाशी जात होते, तुला ठाऊक आहे. लग्न ठरलं ते सांगितलं, मोडलं तेही सांगितलं. आईच्या आजारपणात ते पुस्तकांत तोंड खुपसून बसले होते, त्याबद्दल मी त्यांना तिथेच माफ केलं, मोठ्याने. ते कोणी ऐकलं, आत्या? खाली कोण पडून होतं? परवा रात्रभर हाच विचार. मला वाटतं, तो निमूटपणे ऐकून घेत होता आणि आपण कोण ते सांगू शकत नव्हता.

तुझ्याकडे आलेले गृहस्थ बरे असोत. त्यांना शिडीवरून पडू देऊ नकोस. छपरातूनच का, ते मात्र विचार.

लोभ कमी झालेला नाही, तूही होऊ देऊ नकोस.

तुझी
खारू

ता. २६ मार्च

चि. खारूताईस, अ. आ.

पत्रभर ‘ते’ आणि ‘गृहस्थ’. एकदाही ‘बाबा’ म्हणाली नाहीस. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. कान धरला असता, पण तू लांब आहेस.

विचारलं त्याला. तो मला वाचनालयात घेऊन गेला. त्याची सगळी पुस्तकं मी तिथे देऊन टाकली होती ना. शेवटच्या खोलीत एक अख्खं कपाट भरलंय. तो ग्रीकचा जाडजूड कोश, लॅटिनचं व्याकरण, जुन्या नगरांचे नकाशे, डाव्या पानावर मूळ आणि उजव्या पानावर भाषांतर असलेली ती छोटी पुस्तकं. प्रत्येकाच्या आत माझ्याच हौसेने छापून घेतलेली चिठ्ठी आहे, त्याचं नाव आणि नावामागे ‘कै.’. रोज तो तिथे बसून तीच पुस्तकं वाचतो. घरी नेता येत नाहीत, कारण मेलेल्या माणसाला सभासद कसं करायचं हे ग्रंथपालबाईंना समजत नाही. त्या त्याच्याकडे बघतही नाहीत, पुस्तक टेबलावर ठेवून लगबगीने निघून जातात. मला मेलीला हसू आलं आणि मग हुंदकाच फुटला.

रीतीरिवाजांच्या एका पुस्तकातलं पान त्याने मला दाखवलं. परदेशी मेल्याची खोटी बातमी येऊन मागाहून घरी परतलेल्या माणसाला रोमन लोक दारातून घेत नसत, छपरातून घेत. ग्रीकांमध्ये ज्याचे अंत्यविधी होऊन गेले त्याला देवळात पाऊल टाकू देत नसत. मग त्याला नव्याने जन्मलाय असं धरून बायका आंघोळ घालत आणि तान्ह्या बाळासारखं गुंडाळत. मी म्हटलं, अरे, जन्मभर हे मुलांना शिकवलंस, म्हणून खरंच करायचं? तर म्हणाला, की शिकवत होतो तेव्हा मलाही ती गंमत वाटायची. आता दाराशी गेलो की उंबरठ्यावर तो उभा असतो. कोट घातलेला, केस ओले. वाचनालयातही समोरच्या खुर्चीत येऊन बसतो. बोलत नाही. खारू, मला तिथे कोणी दिसलं नाही. पण त्या खुर्चीवर बसायची माझी छाती झाली नाही.

दगडावरचं नाव काढून ‘अनोळखी’ असं कोरतो, असं तुमच्या नगरपालिकेचं पत्र आलंय. याने नाही म्हणून कळवलं. त्याला थंडी वाजत होती म्हणून कोट दिला, आता तो मेल्यावर नाव काढून घेऊ का, असं विचारतो. राहू दे त्याच्याकडे, म्हणतो. मग तुला काय म्हणायचं रे, असं मी विचारलं तर माळ्यावर निघून गेला.

आंघोळीला मी पाणी तापवीन, पंच्यात गुंडाळीनही, लहानपणी कमी गुंडाळलंय का त्याला! पण बाळ झालं की नाव लागतं, असं आपलं माझं मत. पुस्तकात ते नाही. घरातल्या बायका म्हणजे आता तू आणि मी. मी एकटी त्याला नाव देणार नाही. तो तुझं नाव काढत नाही, पण टपालाच्या वेळी जिन्यात येऊन उभा राहतो. पार वाळलाय गं. आणखी किती दिवस असा राहील, सांगता येत नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
आत्या

ता. ४ एप्रिल

ती. बाबांस सा. न. वि. वि.

आत्याला सांगा की तिच्याऐवजी तुम्हाला लिहिलं म्हणून रुसू नकोस.

काल दगडापाशी गेले होते. त्याला सांगितलं, की कोट तुझा, नाव तुझं, मी इथे जे बोलले तेही तुझ्याकडेच राहू दे. फक्त ‘बाबा’ म्हणत होते तेवढं परत नेते. वारा नव्हता, पान हललं नाही, काही झालं नाही. तरी परत फिरताना पाठीकडे कोणी तरी बघतंय असं वाटत राहिलं.

तुम्हाला दुसरं नाव मला सुचत नाही. हेच घ्या. चालेल ना?

एक मात्र राहून राहून मनात येतं. तो तुमच्या शेजारी बसला होता, तुमच्याशी बोलला असेल. कुठून आला, कुणाकडे निघाला होता, घरी कोण आहे, काही तरी सांगितलं असेल. एखादा शब्द असला तरी आठवून ठेवा. मी शनिवारी येते आहे, मग आपण शोधू. त्यालाही मुलगी असेल. मी दोन वर्षं रडले ते तिच्या वाटणीचं होतं, बाबा. ती अजून रोज दाराकडे बघत असेल.

तुमच्या लोभाची वाट पाहणारी

खारू