किरकोळ दुरुस्ती

प्रिय रोवीना,

हाताने लिहिलेलं पत्र बघून दचकू नकोस, तुझे बाबा ठीक आहेत. शनिवारी मी गेले तेव्हा जेवत होते, आणि माझ्या नव्या केसांवरून त्यांनी माझी टरही उडवली. घाबरलेली आहे ती मी. शुक्रवारी तुम्ही भावंडं, तू आणि गार्थ, बर्नी शहरातल्या त्या वृद्धनिवासाच्या कागदांवर सह्या करणार आहात असं गार्थकडून कळलं. त्याआधी हे तुझ्या हातात पडायलाच हवं. चार वेळा तुला फोन लावला आणि तू उचलायच्या आत ठेवून दिला. मग ईमेल लिहायला बसले, पण पडद्यावर लिहिलेलं मला फार सराईतपणे बदलता येतं. वीस वर्षं दुसरं केलंय काय? कागदावर खोडलं तर खोडलेलं दिसतं, म्हणून पेन घेतलं. अक्षर वाईट आहे, सांभाळून घे.

गावाच्या मंडळाने मला भरती-ओहोटीच्या वेळांचं वेबपान करायला सांगितलं ते जानेवारीत. एरवी माझी कामं तुला माहीत आहेत, चीजवाल्यांच्या वेबसाइट, पाहुण्यांच्या खोल्या, तो गुरांचा डॉक्टर. या पानाने मात्र मला वेड लावलं. दुसऱ्यांनी केलेलं चांगलं काही दिसलं की जपून ठेवायची माझी खोड शाळेपासूनची. जॅमच्या बाटलीवरचं लेबल, बसचं तिकीट, कुठल्याशा परक्या रेल्वेच्या वेळापत्रकाचं चित्र, सगळं एका फोल्डरमध्ये असतं, आणि नवं काम आलं की मी आधी तिथे डोकावते. या वेळी त्या फोल्डरमध्ये मला पाहिजे ते मिळेना. ते मिळालं तुझ्या बाबांच्या, क्लॅरींच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या वर भिंतीतल्या खिळ्याला लटकवलेलं. गळ-आमिषाच्या दुकानात मिळते ती पिवळी पुस्तिका, चहाच्या कपाचे डाग पडलेली, रोजच्या ओहोटीपुढे पेन्सिलीची रेघ. एका दिवसाला एक ओळ, आणि वाचणाऱ्याला दुसरं काही विचारायला नको. मी तिचे फोटो काढत होते तर क्लॅरी म्हणाले, "अगं, तू शहरात शिकून आलीस ना? मग म्हाताऱ्याची कॉपी काय करतेस?"

पुढचे तीन आठवडे मी रोज त्यांच्याकडे जात होते. रंग मी तिथल्याच वाळूवरून घेतले, ओल्या शेवाळाचा तो काळपट हिरवा आणि शिंपल्याच्या आतला पांढरा, आणि अधू डोळ्यांना ते वेगळे दिसतात की नाही हे तपासायच्या साधनात चारदा घालून पाहिले. आकडे तळहाताएवढे केले. टॅब्लेट ट्रॅक्टरवर टांगून क्लॅरींना सीटवर बसवायचं आणि विचारायचं, दिसतं का? ते चष्मा न लावता वाचायचे, जाड अंगठ्याने भलतीकडेच दाबायचे, आणि वर मलाच सुनवायचे, "एवढ्याशा पानाला एवढे दिवस? माझ्या बायकोने एवढ्यात दोन स्वेटर विणले असते!" पुस्तिकेतल्या वेळा कायम हिवाळ्याच्या घड्याळाच्या असतात. ऑक्टोबर ते एप्रिलच्या आपल्या उन्हाळ्यात आपण सगळे घड्याळं तासभर पुढे करतो, तेव्हा पुस्तिकेतल्या वेळेत मनातल्या मनात एक तास मिळवायचा, हे ते पन्नास वर्षं करत आले होते. माझ्या पानावर तो तास आधीच मिळवलेला असायचा. ते त्यांना इतकं आवडलं की त्यांनी माझ्यादेखत ती पुस्तिका चुलीत टाकली. "झालं, आता डोक्याला त्रास नको. तू आहेस ना," असं म्हणाले. मी त्या दिवशी हवेत तरंगत घरी आले, रोवीना.

मार्चमध्ये त्या पानाची निवड झाली ते तुला आठवत असेल, तूच वाईनची बाटली पाठवली होतीस. जगभरातले आमच्या धंद्यातले लोक रोज सकाळी चांगली पानं बघायला ज्या वेबसाइटवर जातात, तिथे एक दिवस माझं पान झळकलं. कुठून कुठून मेल आले. किती साधं, किती माणुसकीचं, हा भाग कसा बांधलास, आम्ही वापरू का? मी सगळ्यांना हो म्हटलं, खुशाल उचला म्हटलं. होबार्टमधल्या एका मोठ्या संस्थेने सबंध किनाऱ्याचं काम देऊ केलं. आज तो मेलचा डबा उघडवत नाही.

आता एप्रिलचा पहिला रविवार. उन्हाळा संपला, म्हणून सकाळी उठून सगळ्यांनी घड्याळं तासभर मागे घेतली, तुझ्या बाबांनीही घेतली. दुपारी पान उघडून पाहिलं, ओहोटी चार वाजून दहा मिनिटांनी. ओहोटीच्या आधी दीड तास आणि नंतर दीड तास वाळूवरून बेटावर ये-जा करता येते हे तुला मी सांगायला नको, आपण त्याच वाळूवर वाढलो. साडेतीनला ते ट्रॅक्टर घेऊन मेंढ्या बघायला गेले, त्यांची कुत्री पिप मागे बसली होती. बेटावर कुंपणाची तार तुटली होती ती जोडण्यात वेळ गेला, तरी सव्वापाचला निघाले म्हणजे त्यांच्या हिशेबाने वीस-पंचवीस मिनिटं शिल्लक होती. मधल्या घळीत पाणी ट्रॅक्टरच्या सीटपर्यंत आलं. खुणेच्या खांबाला मिठी मारून ते पाऊण तास उभे होते. खेकडेवाल्यांच्या बोटीने त्यांना काढलं तेव्हा हात खांबावरून सुटेनात, बोटं एक-एक करून उकलावी लागली. पिप दुसऱ्या दिवशीही मिळाली नाही. खरी ओहोटी तीन वाजून दहा मिनिटांची होती.

पुढचं तुला माहीत आहे. गार्थने सोमवारी सकाळी पान उघडून पाहिलं, मागच्या दिवसाची ओळ बघितली, तिथे तीन-दहाच होतं. "पान बरोबर आहे, बाबाच चुकला," असं तो म्हणाला, आणि त्यात त्याचा काही दोष नाही, तिथे तसंच दिसत होतं. पन्नास वर्षं समुद्र जाणणारा माणूस डोळ्यांसमोरचा आकडा चुकीचा वाचतो, मग सगळ्यांना जे वाटायचं तेच वाटलं. डॉक्टरांनी स्मरणशक्तीची परीक्षा घेतली. क्लॅरी इतके भेदरले होते की आठवड्याचा वारही त्यांना सांगता आला नाही. आधी लायसन्स गेलं, मग मेंढ्या विकल्या, आणि आता शुक्रवारी घर.

तू होबार्टला असतेस, तुला फोनवर ते धड बोलतात म्हणून कळत नसेल, पण या सात आठवड्यांत ते कसे झालेत ते मी बघते आहे. गॅस बंद केला का हे तीनदा उठून बघतात. वाण्याकडे जाताना हातावर स्वतःचाच फोन नंबर लिहून घेतात. वाक्य अर्ध्यावर आलं की थांबतात आणि माझ्या चेहऱ्याकडे बघतात, हे आधी बोलून झालंय का ते ताडायला. विसरलेलं काहीच नसतं, रोवीना! सगळं लख्ख आठवत असतं, पण त्यांचा स्वतःवरचा भरवसा उडाला आहे, आणि भरवसा उडालेला माणूस अडखळतोच. मग गार्थ म्हणतो, "बघ, बघितलंस?"

आता मला ते लिहायचं आहे ज्यासाठी मी तीन कागद फाडले. समुद्राच्या वेळांचे जे आकडे मला मिळतात ते लांबच्या, ग्रिनिचच्या घड्याळाचे असतात. त्यात आपल्याकडे उन्हाळ्यात अकरा तास मिळवायचे आणि हिवाळ्यात दहा. खरं तर आपण स्वतः मिळवायचेच नसतात. नुसतं ठिकाणाचं नाव लिहायचं, ब्राउझर आपला आपण कुठल्या तारखेला किती ते बघतो. आमच्या धंद्यात पोरंटोरंही हे पहिल्या वर्षी शिकतात. पण जानेवारी होता, मी कुणाच्या तरी प्रोग्रॅमचा तयार तुकडा उचलून जोडला होता, त्यात तासांची जागा रिकामी होती, आणि माझं सगळं लक्ष त्या हिरव्यावर होतं. मी अकरा लिहिलं, म्हटलं नंतर नीट करू. जानेवारीत बरोबर आलं, फेब्रुवारीत आलं, मार्चमध्ये जगाने वाखाणलं. एप्रिलच्या त्या रविवारी घड्याळं मागे आली आणि माझं अकरा तिथेच बसून राहिलं. तुझ्या बाबांनी पानावर चार-दहा वाचलं, कारण पानावर चार-दहाच होतं.

त्या संध्याकाळी सव्वासहाला गार्थचा फोन आला. तो रडत होता, आणि बाबा बेटावरून किती वाजता निघाले हे त्याने सांगितलं त्या क्षणी मला कळलं. एखाद्या चांगल्या बाईने आधी दवाखाना गाठला असता. मी कॉम्प्युटर उघडला. अकरा खोडून ठिकाणाचं नाव लिहिलं, पान पुन्हा चढवलं, मागच्या दिवसांच्या ओळीही आपोआप बरोबर झाल्या. सहा बत्तीस झाले होते. प्रत्येक बदलासोबत काय बदललं याची एक ओळ आम्हाला लिहावी लागते. मी लिहिलं, किरकोळ दुरुस्ती. तेव्हा क्लॅरी रुग्णवाहिकेत होते, आणि शाळेची पोरं त्याच वाळूवर शिंपले वेचायला गेली असती तर काय झालं असतं हे मला सुचलंसुद्धा नव्हतं. आता रोज सुचतं. आणि परदेशातल्या ज्या लोकांना मी खुशाल उचला म्हटलं, त्यांच्यातल्या कुणी ते अकरा तसंच उचललं असेल तर? त्यांचं घड्याळ कधी फिरतं? काल मी सगळ्यांना कळवायला मेल लिहिला, पण पाठवायचं धैर्य झालं नाही. आधी तुला सांगायचं होतं.

याहून वाईट अजून सांगायचं आहे. त्याच आठवड्यातल्या मंगळवारी मी दवाखान्यात गेले. हातांना पट्ट्या होत्या. त्यांनी गार्थला चहा आणायला पाठवलं आणि मला जवळ बोलावलं. "नेरिडा, खरं सांग पोरी. मी चार-दहा वाचलं. माझ्या डोळ्यांनी वाचलं. काय होतं गं पानावर?" मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हटलं, "तीन-दहा, क्लॅरी." त्यांनी हातांवरच्या पट्ट्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "असेल. तू कशाला खोटं सांगशील!" आणि माझीच समजूत घातल्यासारखं पट्टी बांधलेल्या हाताने माझा हात थोपटला.

मी का खोटं बोलले याची कारणं मी सात आठवडे स्वतःला सांगते आहे. काम जाईल, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, तू आयुष्यात परत बोलणार नाहीस. सगळी खरी आहेत आणि एकही पुरत नाही. कुणी मेलं नाही ना, असं मी स्वतःला म्हणत होते. शनिवारपर्यंत त्यावर कसाबसा तग धरला. शनिवारी मी निघताना तुझे बाबा मला म्हणाले, "माझं एक काम करशील? एक पान कर, मोठ्या अक्षरांचं, समुद्राचं केलंस तसं. त्यात पोरांचे फोटो टाक आणि खाली नाव लिही, ही रोवीना, हा गार्थ. तिकडे गेल्यावर विसरलो तर बघायला. आणि हे बघ, आत्ताच कर, म्हणजे मला अजून वाचता येतंय तोवर बरोबर आहे का ते तपासून देईन."

मी हो म्हटलं. आज सकाळी खरंच करायला बसले, ही मी कशी बाई आहे बघ. अशा आजारी माणसांसाठी कुणी कशी पानं केली आहेत ती शोधून बघितली, त्यातली दोन आवडली म्हणून जपूनही ठेवली. अक्षरांचा आकार ठरवला. तुझा तो लाल टोपीतला फोटो बसवला, खाली तुझं नाव टाइप केलं, आणि पडद्यावर तू माझ्याकडे बघत होतीस. मी कॉम्प्युटर मिटला आणि कागद घेतला.

सोबत पानातल्या बदलांच्या त्या सबंध नोंदवहीचा छापील कागद जोडला आहे. जानेवारीतल्या अकरापाशी आणि एप्रिलच्या सहा बत्तीसच्या ओळीपाशी मी खूण केली आहे, तारीख-वेळ यंत्राने घातलेली आहे, ती मला बदलता येत नाही. तो गार्थला दाखव, डॉक्टरांना दाखव, वकिलाला द्यावासा वाटला तर दे. परीक्षा पुन्हा घ्यायला सांग. आणि शुक्रवारी सही करू नकोस, रोवीना, मी पाया पडते, करू नकोस. पत्र जलद टपालाने टाकून मी तशीच त्यांच्याकडे जाणार आहे. आठ मिनिटांचा रस्ता आहे आणि मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती. ते मला घराबाहेर काढतील याची नाही. मी सांगेन, ते ऐकून घेतील, आणि मग त्यांना वाटेल की ही त्यांचं मन राखायला खोटं बोलते आहे. तसं झालं तर माझं आता कुणी ऐकणार नाही, तूच ये.

तुझीच, म्हणायचा हक्क राहिला असेल तर,
नेरिडा