दोन कळपांमधले माझे तीन एकर

मी, जगदेव संपत खानझोडे, वय ७३, निवृत्त विज्ञान शिक्षक, राहणार केनवड, तालुका रिसोड, जिल्हा वाशीम, डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. पत्नीचा दबाव शेहेचाळीस वर्षांचा आहे, तो धरलेला नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नी प्रयागबाई हिला. तिने त्याचे काय करावे हे सांगायची माझी हिंमत नाही.

२. सूक्ष्मदर्शक व काळविटांच्या चौदा वह्या मुलगी निकिता हिला. या वह्यांसाठी मी दरवर्षी काळविटांच्या लेंड्या पाकिटांत भरून प्रयोगशाळेत जनुक-तपासणीला पाठवल्या. त्यावरून पानठेल्यावरच्या मुन्नाने मला गावभर ‘लेंडी मास्तर’ केले. त्याला माझी चाळणी द्यावी, न धुता. सून संगीता हिने २०१६ चे नमुने खत समजून गुलाबाला घातले. गुलाब असा फुलला की मी तिला तेव्हाच माफ केले.

३. रस्त्यालगतचे तीन एकर मुलगा प्रज्वल याला, पण अटीवर. शेताच्या पूर्वेला व पश्चिमेला काळविटांचा एकेक कळप आहे. उत्तरेला तलाव, दक्षिणेला वस्ती. कळपांना एकमेकांकडे जायला माझे शेत हीच वाट. पिल्लाला प्रत्येक गुणाचा एक अंश आईकडून व एक बापाकडून मिळतो; आईबाप नात्यातले असले की दोन्ही अंश बहुधा सारखेच निघतात. हे दोन अंश वेगवेगळे असलेली जनावरे पूर्वेकडच्या कळपात २०१२ साली शंभरात अठ्ठेचाळीस होती, गेल्या वर्षी एकतीस. म्हणजे बाहेरचा नर येत नाही, घरातल्या घरात सोयरिकी चालू आहेत. आपल्यात मामाची मुलगी चालते. त्या कळपात आता सगळेच मामा. पिल्लेही अशक्त निघत आहेत.

कारण शोधत मी रानोमाळ हिंडलो. कारण मीच होतो. २०११ मध्ये तूर वाचवायला शेताला उंच जाळी मीच मारली. याची मला फार लाज वाटते. माझ्या मृत्यूनंतर प्रज्वलने ती काढावी.

एवढे साक्षीदारांसमोर वाचून दाखवले, तेव्हा प्रयागबाई म्हणाली, “अन् तुमी अजून वीस वर्सं जगले त? तवरोक हरनाईनं काय करावं?”

प्रज्वल उठला. “बाबा, पक्कड कुठी हाय? चाला.”

“अन् तूर?” मी विचारले.

“तुरीचं मंग पाहू.”

४. कलम तीनमधील अट रद्द. जाळी आज दुपारीच काढली. शेत प्रज्वलला बिनशर्त. काळविटांनी तूर खाल्ल्यास त्याने शिव्या माझ्या फोटोला द्याव्यात.

सही वाकडी आहे ती तारेने बोटे सोलल्यामुळे, वयामुळे नव्हे.

जगदेव संपत खानझोडे

साक्षीदार:
धम्मपाल इंगोले, शेजारी (जाळी गुंडाळण्यासही हजर)
साधना वानखडे, निवृत्त मुख्याध्यापिका

केनवड, १४ नोव्हेंबर २०२५